बिजलीची खराद

औरंगाबाद,
३ ऑगस्ट १९८६

सांडू,

आशीर्वाद धाडते, पण आज अर्धाच. उरलेला तू शहाण्यासारखं उत्तर दिल्यावर मिळंल.

तुह्या आडतीवरचा फकिरा काल मक्याची गाडी घेऊन इकडं आला व्हता. चहा पिला, पाय पसरून बसला, इकडचं तिकडचं बोलला, आन जाता जाता दारात उभं राहून तुहा निरोप सांगितला. खंडेनवमीच्या आत बिजलीची खराद, लाकूड गोल फिरवून घडवायची ती मशीन, विकून टाकायची. जालन्याचं गिऱ्हाईक तू बघून ठेवलंय. या वर्षी त्या मशीनला हळदकुंकू लागलं तर तू या दुकानाची पायरी परत चढणार नाय. बरं बाबा. मला आधी हे सांग, आत्ता तू कुठं पायरी चढू राहिला? शिमग्यापासून तुहं तोंड दिसलं नाय आम्हाला. धमकी द्यायची तर जरा नवी तरी द्यायची.

आन असल्या गोष्टी फकिराच्या तोंडी धाडायच्या असतात का रे? त्याच्या पोटात काय राहतं का? सांज व्हायच्या आत साऱ्या गल्लीत बोभाटा झाला, सरूबाईचं दुकान उठणार म्हणून. शेजारची आबेदा हातातली शिलाई टाकून डोळे पुसत आली. तिच्यामागं तिचा नवरा नूरमोहम्मद, बिजलीच्या मोटारीच्या तारा गुंडाळता गुंडाळता उठून आलेला, हाताला सारं काळं. त्यायला वाटलं, मी पण बोचकं बांधून तुह्याकडं सिल्लोडला चालले. म्या दोघायला बसवलं, चहा दिला आन सांगितलं, सरू कुठं जात नाय आन खराद पण कुठं जात नाय.

ती खराद अर्धी तुही हाय, मला मान्य हाय. पोलीस ॲक्शननंतर आपल्या आप्पांनी हे दुकान टाकलं तवा पायानं चालवायची खराद व्हती. तू तर जन्मला पण नव्हता. ही बिजलीची तुही-माही दोघांची. माही अर्धी मी विकत नाय. तुही अर्धी तू कापून ने, करवत मी देते.

तुह्या हाताचं मला काय वाटत नाय असं समजू नको. दोन बोटं वाकत नाय तुही, ते आठवलं की हातातला घास हातात राहतो. पण 'मशीननं हात खाल्ला, मशीनला काहीतरी लागलंय' असं तू सिल्लोडभर सांगत फिरतो, ते ऐकून माहं डोकं फिरतं. मशीनला काय लागलं नव्हतं. हाटेलवाल्याच्या दिव्याच्या लाकडी खांबाला वायर घालायचं लांब भोक पाडत व्हता तू. आत भुसा दाटला, ड्रिल अडकलं. ड्रिल धरणारा चक गरम होतो म्हणून तूनं हाताला चिंधी गुंडाळलेली. फिरत्या वस्तूपाशी चिंधी! चक फिरला, त्यानं चिंधी धरली आन चिंधीसंगं हात ओढला. इथवर मला समजतं.

पुढचं समजत नाय. बटन भिंतीवर, तुह्या हाताशी. डावा हात मोकळा. मग बटन दाबलं कामून नाय? गल्लीतले म्हणतात, 'सांडू नुसता बघत उभा राहिला.' तू पण तेच म्हणतो, 'आक्का, मी भ्यालो, दगड झालो.' हे काय माह्या गळी उतरत नाय. कुत्र्याच्या पिल्लापायी हिरीत उडी मारणारा पोरगा तू. त्या दिवसापासून मान खाली घालून बसला आन बायकोपोरं घेऊन सासुरवाडीच्या गावी आडतीवर पोती शिवायला गेला. बोटापेक्षा ह्याचाच मला जास्ती त्रास होतो.

हाटेलवाल्याचं काम थांबलं नाय. दिव्याचे खांब चालू हायेत. कोण करतं ते विचारू नको. होऊ राहिले.

उत्तर धाड. फकिराच्या तोंडी नाय, कागदावर.

अर्ध्या खरादीची मालकीण,
सरू आक्का


औरंगाबाद,
२४ ऑगस्ट १९८६

सांडू,

तुहं कार्ड आलं. सरकारनं एवढं मोठं कार्ड दिलं आन तूनं त्याच्यावर दोन ओळी लिहिल्या. 'खांब कोण करतं? तू मशीनला हात लावला असंल तर मी तुला मेलो.' पत्ता मात्र तुह्या बायकोनं, दगडानं, लिहिलेला दिसतो, अक्षर सुंदर हाय. तिला माहा आशीर्वाद सांग, पुरा. तुहा अजून अर्धाच.

व्हय, मीच करते खांब. झालं समाधान? आता आरडाओरडा करायच्या आधी पुढचं वाच.

आप्पांच्या माघारी लाटणी, रव्या, पाळण्याचे खुंट कोणी केले रे? तू बिजलीवर गेला, मी पायाच्या खरादीवर राहिले, एवढंच. लाकूड मला पण कळतं. तुह्या आधीपासून कळतं. ड्रिल तेवढं नवं व्हतं, म्हणून आधी नूरमोहम्मदला शेजारी उभा केला आन बंद मशीनवर सारं हातानं फिरवून बघितलं. कुठं काय अडकतं, काय सुटतं, कोणती वस्तू कुठं येऊन लागंल. तूनं असं कधी केलं व्हतं का? तू तर बटन दाबायचा आन सुटायचा.

मी उभी कशी राहते ते सांगते. पदराची भानगड नाय. आबेदानं मला झगा शिवून दिलाय, बाह्या कोपराच्या वर, नाड्या मागं आन नाड्याची टोकं आत खोचलेली. केस फडक्यात बांधलेले. गळ्यात काय नाय, हातात काय नाय, लंकेची पार्वती होऊन उभी राहते. डोक्यावर नूरमोहम्मदचं जुनं स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. हस, हस. पहिल्या दिवशी पाववाला मला बघून सायकलवरून उतरला आन 'बाई घरात हायेत का' असं मलाच विचारू लागला. पण परवा एक ढलपी येऊन त्या काचेवर अशी आदळली की ओरखडा उठला. डोळ्यावर आली असती तर हे पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं लागलं असतं.

पट्टा मोठ्या चाकावर चढवलाय, लाकूड सावकाश फिरतं. तू तिला बैलासारखी दामटायचा. ज्या ठोकळ्यात ड्रिल बसतं तो मागचा ठोकळा आधी आवळते, मग पुन्हा एकदा आवळते. टोकदार हत्यारानं लाकडाच्या मधोमध लहान खळगी पाडते, म्हणजे ड्रिल भरकटत नाय. मग जरासं आत, की बाहेर. मशीन बंद करायची, भुसा काढायचा, ब्रशनं, बोटानं नाय. परत जरासं आत. अर्धं भोक झालं की लाकूड उलटं करायचं आन उरलेलं दुसऱ्या अंगानं. ड्रिल बाहेर घेताना चकावर उघडा हात ठेवते, न्हायतर तो ठोकळ्यातून सुटून लाकडासंगं फिरायला लागतो. गरम लागला तर थांबते, निवू देते. चिंधी दुकानात ठेवलीच नाय. पुसायची फडकी पण बाहेर ओट्यावर.

आता म्हणशील, आक्का, तुला भ्या वाटत नाय का? वाटतं रे. रोज सकाळी बटनापाशी गेलेला हात दोनदा मागं येतो. त्या मशीनच्या पायाशी तुहं रक्त म्याच पुसलंय. पण दुकान बंद पडलं तर तुला परत यायला जागाच उरत नाय. खराद गेली की मी एकटी आबेदाच्या इथं काजं-बटनं करीन, माहं भागंल. तू जन्मभर पोती शिवशील. आप्पांचा हात तुह्यात हाय सांडू, माह्यात तेवढा नाय, हे मला माहीत हाय. म्हणून मी ही मशीन चालू ठेवू राहिले. हे लिहायचं नव्हतं. आता लिहून झालंय तर खोडत नाय.

मला मेला असशील तर वरून उत्तर लिही.

सरू आक्का


औरंगाबाद,
१३ सप्टेंबर १९८६

सांडू,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, पेन बिघडलाय. समजून घे.

तुहं जालन्याचं गिऱ्हाईक येऊन गेलं. बद्रीनाथ म्हणून. भला माणूस हाय, पण त्याला बघून मला जी चीड आली ती तुह्या नावाची, बिचाऱ्यावर निघाली. मी मशीनवर व्हते. त्यानं दारातून हाक मारली, 'कारागीर कुठाय?' म्या हेल्मेटची काच वर केली आन म्हणलं, 'बोला.' तो मागंच सरकला. मग धीर करून आत आला आन मशीन बघायला वाकला. खांद्यावर हे मोठं उपरणं, त्याची दोन्ही टोकं लोंबू राहिली फिरत्या लाकडावर. मी अशी ओरडले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणे. मशीन बंद केली, त्याला उपरणं काढायला लावलं, घडी करून बाहेर ओट्यावर ठेवायला लावलं आन मग सांगितलं, 'आता बघा काय बघायचं ते.' गुपचूप बघितलं. बाहेर पडताना म्हणला, 'बाई, मशीन चांगली हाय, पण ती तुमच्यासकट घ्यावी लागंल असं दिसतंय.' म्या म्हणलं, माह्यासकट परवडणार नाय तुम्हाला.

हसला, पण माघारी फिरला नाय. तूनं शब्द दिलाय म्हणतो. तुहा नकार आला नाय तर खंडेनवमीच्या दिवशी पूजेआधीच टेम्पो घेऊन येणार. म्हणजे आता सारं तुह्या हातात हाय. मी आडवी पडले तरी अर्धी खराद तुही, तू म्हणला तर ती जाणार.

ड्रिलचं काम सध्या बंद ठेवलंय. लाकूड जरा ओलं हाय. बाकी सारं ठीक. मला काय झालं नाय.

एक विचारायचं व्हतं. त्या दिवशी तुह्या पायात चप्पल व्हती का? आन तू उभा कसा व्हता, दोन्ही पायांवर का एका? याड लागलं म्हणशील. लागू दे. पण डोळे मिटून आठव आन लिही. मला आठवतंय ते असं की मी धावत आले तवा तू भिंतीला टेकून खाली बसलेला, आन तुही डावी चप्पल मशीनपाशी पडलेली. तवा म्या म्हणलं, झटापटीत निघाली असंल.

दगडाला विचार, सूज उतरायला हळदीसंगं ती काय लावायची. असंच, शेजारी एकीला पाहिजे.

आक्का


औरंगाबाद,
२१ सप्टेंबर १९८६

सांडू,

शेजारच्या एकीला सूज आलीय यावर तुहा विश्वास बसला नाय, दगडाचा पण बसला नाय. तूनं लिहिलं, 'खरं सांग, न्हायतर येतो.' आता तू येणार म्हणल्यावर खरं सांगायची घाई मी कामून करू? पण सांगते. आज पुरं सांगते, कारण ह्यात माह्यापेक्षा तुहं जास्ती हाय.

माहा उजवा अंगठा सुजला व्हता. मोडला नाय, दवाखान्यात दाखवला. आता पेन धरता येतो, बघ अक्षर. दुपारची वेळ व्हती. शेवटचा खांब राहिला व्हता, लाकडात गाठ निघाली. एकदा ड्रिल बाहेर घेऊन भुसा काढायला पाहिजे व्हता. म्या म्हणलं, एवढं होऊन जाऊ दे. तेवढ्यात अडकलं. चक ठोकळ्यातून सुटला, लाकडासंगं फिरला आन अंगठ्याला रट्टा देऊन गेला. हात उघडा व्हता म्हणून निसटला. चिंधी असती तर आपण दोघं भाऊबहीण एकाच मापाचे झालो असतो.

हात सुटला. पुढं काय करायचं? भिंतीवरलं बटन दाबायचं. बटन मला दिसत व्हतं. मी काय केलं सांगू? उभी राहिले. चक गरागरा फिरू राहिला, ड्रिल वाकडं झालं, आवाज असा की कान फाटतील, आन मी नुसती बघत उभी. तुह्यासारखीच. नूरमोहम्मद तिकडून पळत आला आन त्यानं बटन दाबलं. सारं गप झालं. म्या म्हणलं, भाऊ, मी पण भ्याले रे, सांडूसारखी मी पण दगड झाले.

तो माह्या तोंडाकडं बघतच नव्हता. खाली बघू राहिला व्हता. म्हणला, "आपा, पाँव तो नीचे रखो."

सांडू, माहा डावा पाय वर व्हता. जमिनीवर नव्हताच. एका पायावर उभी व्हते मी, हेल्मेट घालून, आन मला त्याचा पत्ता नाय.

आता डोळे मीट आन पायाच्या खरादीवर उभा रहा. डावा पाय फळीवर. लाकूड अडकलं, हत्यार अडकलं, कायपण अडकलं, तर आपण काय करायचो? पाय उचलायचो. फळी सुटली की चाक गप. आप्पा आपल्या पोटरीवर छडी मारून शिकवायचे, आठवतं का? "हात मागून! आधी पाय!" लहानपणी किती छड्या खाल्ल्या आपण त्या एका गोष्टीपायी. शेवटी असं झालं की डोकं काय म्हणायच्या आधी पाय उचललेला असायचा. आप्पा खूश व्हायचे, म्हणायचे आता मला काळजी नाय.

म्या हे सारं नूरमोहम्मदला सांगितलं. तो वाकड्या ड्रिलकडं बघत म्हणला, "मगर आपा, मशीन कू क्या मालूम, तुमने पाँव उठाया बोलके?"

मी तिथंच भुशात बसले आन रडले. अंगठ्यापायी नाय रे. मला तुही ती डावी चप्पल दिसली.

तू भ्याला नव्हता. तूनं पाय उचलला व्हता. इतका जोरात उचलला की चप्पल उडून पडली. तुह्या लेखी तूनं मशीन बंद केली व्हती, सगळ्यात आधी केली व्हती, जशी आप्पांनी शिकवली तशी. मग तू ती थांबायची वाट बघत राहिला. थांबंना तवा तुला समजंना काय चाललंय. तेवढ्यात हात गेला. लोकायनी फक्त वरचं बघितलं, तुहं तोंड आन तुहा हात. खाली कोणी बघितलं नाय. मी पण नाय बघितलं. तू स्वतः पण नाय.

शिमग्यापासून तू स्वतःला भित्रा म्हणू राहिला. आजपासून तो शब्द तोंडातून काढला तर मी सिल्लोडला येऊन तुह्या आडतीवर, साऱ्या हमालांदेखत, तुहे कान ओढीन. वय बघणार नाय.

पुढचं ऐक. आबेदा चहा घेऊन आली व्हती, तिनं नवऱ्याचं बोलणं ऐकलं. म्हणली, "तुमारी मशीन कू नै मालूम होता. मेरी कू तो मालूम होता." तिच्या शिलाईच्या मशीनला नूरमोहम्मदनंच मोटार बसवलीय ना, पायानं दाबली की चालते आन पाय उचलला की थांबते. नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले. मग नूरमोहम्मदनं कपाळावर हात मारला. म्हणला, घरात रोज बघतो मी हे, आन डोक्यात आलं नाय.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरादीखाली पायाची फळी बसवली. खाली जाड स्विच, वरून पत्र्याचं झाकण, म्हणजे त्याच्यावर कायपण पडलं तरी मशीन चालू होणार नाय. फळीवर पाय हाय तवर मोटार चालते, पाय उचलला की मोटार बंद. भिंतीवरलं बटन हाय तसंच हाय, काम झालं की तेपण बंद करायचं. जड लाकूड लगेच थांबत नाय, थोडे फेरे घेतं, पण मागचा जोर निघून जातो. आन चक परत सुटू नये म्हणून ठोकळ्याच्या मागून लांब बोल्ट घालून त्यानं तो आवळून टाकलाय. हे सारं असलं तरी जरासं आत, की बाहेर, ते चुकवायचं नाय. ते म्या चुकवलं म्हणून अंगठ्यानं भोगलं.

म्या कालपासून परत काम सुरू केलं. पहिल्यांदा फळीवर पाय ठेवला आन काय सांगू तुला, बटनापाशी गेलेला हात मागं आलाच नाय. पायाला जुनी ओळख पटली.

आता तुहं तू बघ. विकायची म्हणला तर वीक, मी आडवी येणार नाय, देवाशप्पत. बद्रीनाथचा टेम्पो येईल आन घेऊन जाईल. पण एकदा ये. तिच्यासमोर उभा रहा आन एकदा पाय उचलून बघ. ती थांबते का नाय ते तुह्या डोळ्यांनी बघ, मग काय ते ठरव.

आशीर्वाद आज पुरा धाडते. दोघांना, पोरायला पण.

तुही,
आक्का


सिल्लोड,
२ ऑक्टोबर १९८६

आक्का,

मला लिहिता येत नाय तुह्यासारखं. तू बोलते तसं लिहिते. मी लिहायला बसलो की कागद नुसता बघत बसतो. पण आज लिहितो.

तुहं पत्र आडतीवर आलं. पोत्यावर बसून वाचायला घेतलं. 'खाली कोणी बघितलं नाय' तिथपर्यंत आलो आन पुढचं दिसंना. फकिरा विचारू लागला, कोण गेलं? म्या म्हणलं, कोणी गेलं नाय. घरी आलो आन दगडाला दिलं, तिनं मोठ्यानं वाचलं. पोरं पण ऐकत व्हती. म्या त्यायला बाहेर धाडलं नाय. ऐकू दिलं.

आक्का, मला पाय उचलल्याचं आठवत नाय. खोटं कशाला सांगू. मला इतकंच आठवतं की मी वाट बघू राहिलो व्हतो. कशाची ते आजपर्यंत कळत नव्हतं. मनात एकच, आता थांबंल, आता थांबंल. सासरा एकदा जेवताना म्हणला, बायकायला पण बटन दाबता येतं. म्या खाली मान घालून जेवलो. मला वाटायचं, खरंच हाय त्यायचं.

तुहं पत्र वाचून झालं तवा दगडानं कागदाची घडी घातली. मग म्हणली, अवो, झोपेत तुमचा डावा पाय अजून उचलतो. झटक्यानं, आडवे पडल्या पडल्या. मला वाटायचं मुंग्या येतात, म्हणून मी दाबून देत व्हते.

इतके महिने ती बिचारी पाय दाबत व्हती आन मला एका शब्दानं बोलली नाय.

बद्रीनाथला काल तार केली, टेम्पो आणू नको म्हणून. मशीन विकायची नाय.

मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी येतो, दगडा आन पोरं संगं. आडतीवर सांगून ठेवलंय. परत येईन का ते सांगितलं नाय, कारण मला पण माहीत नाय. दोन बोटं वाकत नाय, हत्यार कसं बसंल हातात ते धरून बघितल्याशिवाय कळणार नाय. नूरमोहम्मदभाईला सांग, माह्यापायी पटाशीची मूठ जाड करायची, माप मी आल्यावर देतो. तू मधल्या काळात गाठीच्या लाकडाला हात लावू नको. ते मी करीन, नाय जमलं तर दोघं मिळून जाळू.

पूजा झाली की मशीन पहिल्यांदा मी चालू करणार. तू भिंतीपाशी उभी रहा, बटनाजवळ. मला भ्या वाटंल आक्का, तोंडाला घाम येईल, ते सारं तुला दिसंल. तरी मी सांगितल्याशिवाय बटन दाबू नको, मशीन माह्या पायानं थांबू दे.

तुहा,
सांडू